दाराला लिंबाचा डहाळा

भाऊबीज, गुरवार

पयला आला तो नाथाजी. अन आला तो फराळालाच आला बग. काल पाडव्याचा दिस, मी सडा टाकून दारात टेकले व्हते, तर ह्यो फटफटीवरनं उतरला, चप्पल लांब काढली, पाया पडला अन म्हणला, "आज्जे, चकली कुठंय?" सणाचं आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं? दिली ताटली. तुज्या आईनं औंदा चकली लय झ्याक केलीया, काटा असा उभा ऱ्हायलाय. मोहन घालताना हात आखडला की काटा मोडतो, हे मी तिला किती वरसं सांगत व्हते. औंदा आयकलं तिनं.

आशीर्वाद लिवायचा ऱ्हायला, तो हितंच घे. अन अक्षर बगून हसू नको सोने. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी उजव्या हातानं शिकवलं, अन हे लिवतीया डाव्या हातानं. उजव्याला जरा मुका मार हाय. हळद लावलीया.

राणी म्हणली, आज्जे, तू बोल, मी फोनात आवाज भरून ताईला धाडते. मी म्हणलं, नको. आवाजात समदं कळतंय. मी कागदावर लिवते, तू फोटू काढून धाड. कवापास्नं ती तोंड फुगवून बसलीया, मी डाव्या हातानं गिरवत बसलीया म्हणून.

तर नाथाजी चकली खात म्हणतो कसा, "आज्जे, सोनीनं बातमी लय भारी केलीया. आपली मेंढरं जगभर गेली की!"

तवा माज्या ध्यानात आलं ह्यो कशापायी आलाय.

पोरी, तू रोशनाराचं त्वांड झाकलंस. नाव बदललंस. गाव गाळलंस. नानासोच्या डाळिंबाच्या बागंत ती अन तिचा मालक सफिकुल फळं तोडीत व्हती, श्रावणात त्याला परदेशी ठरवून गाडीत घालून न्हेलं, तो कागद दावीत व्हता तरी न्हेलं, कुणी इचारलं न्हाई का कोर्टाफुडं उभं केलं न्हाई, अन पार बंगालच्या हद्दीपल्याड भाताच्या खाचरात ढकलून दिलं, हे समदं तू सांगितलंस. लय नीट सांगितलंस. राणीनं दोनदा वाचून दावलं, दोनदा रडले. पर ज्या फोटूत रोशनारा पाठमोरी बसलीया, तिच्या बाजूला आपली माडग्याळी उभी! डाव्या फऱ्यावर तांबडा पट्टा अन पट्ट्याखाली ठिपका. तुज्या त्या गिरीस देशातल्या दोस्तांस्नी ती नुसती मेंढी दिसली असंल. हितं आटपाडीच्या बाजारात पोटात असलेलं पोर बी सांगंल, ही आकारामाची खूण म्हणून. तुजा आजा जाऊन इतकी वरसं झाली, खूण अजून त्याच्याच नावानं वळखत्यात. नाथाजीचा आजा अन तुजा आजा एका वाड्यानं कोकणात मेंढरं न्हेत व्हते, त्याला ती ठावं नसंल व्हय?

आता रडत बसू नको. तू रडतीस म्हणूनच फोन करीत न्हाईस, राणीनं सांगितलंय मला. मेंढी काय तू उभी केली न्हाईस. मेंढीला वाटलं, आपला बी फोटू निगावा.

"ती बाई कुठंय?" नाथाजी म्हणला.

मी म्हणलं, "कंची बाई?"

"मेंढीच्या म्होरली."

"मेंढीच्या म्होरं गवात असतंय नाथा."

तो हसला. हात पुसला, माज्याच पदराला. अन शीळ घातली. तर वढ्याच्या वळणावरनं पाच-सात फटफट्या अन एक पिकप आली. त्यातनं एक माईकवाला बी उतरला. नाथाजी म्हणतो, "ह्ये आपले पत्रकार."

मी म्हणलं, "आमच्यात बी हाय एक."

"तिचंच तर बोलायचंय. म्हण हितं माईकात, नातीनं परदेशी पैसा घेऊन खोटं लिवलं. तेवडं म्हण, बाई काढून दे, अन आमी चाललो. सणाचं तुला तरास नको."

"माज्या नातीला कोण पैसा दील रं? तिच्या बातमीला मालकच न्हाई. वाचणारी माणसं जत्रंवानी वर्गणी घालत्यात, त्यावर चालतंय तिचं."

"मग मालकाबिगर चालतंय म्हणूनच मोकाट सुटलंय ते," माईकवाला म्हणला. त्याचं त्वांड कसं व्हतं सांगू? न पिकलेल्या सीताफळावानी.

मग ते गोठ्याकडं गेलं. मेंढरं कोंडायची वाघूर टराटरा फाडली. ऊन हाय म्हणून सकाळी तुज्या आईनं त्यावरच साड्या वाळत घातल्या व्हत्या, त्या बी पायाखाली. तुजा बाप बाकीची मेंढरं घेऊन तळ्याला गेलेला, राणी अन तुजी आई आत. मोती भुकला. मोती कुठं तरी गेलाय आता.

अन मग मी काय केलं इचार! खुंटीवर राघू हाकायची गोफण असती बग, ती घेतली. पोरी, किती वरसांनी हातात घेतली म्हणून सांगू. हात इसरला न्हाई. एकच धोंडा, गरगर फिरवला अन सोडला, तो सरळ नाथाजीसंगं आलेल्या जयराजच्या थोबाडावर! त्याचं म्होरलं दात अंगणात पडलं, अन आपली तांबडी कोंबडी दाणा समजून टिपाया धावली. मी इतकी हसले, इतकी हसले. जयराज रक्तानं भरल्यालं त्वांड धरून कोंबडीच्या मागं. लगीन ठरलंय म्हणं त्याचं.

तेवड्यात आत दडवलेली रोशनारा भाईर आली. मी सांगितलं व्हतं, येऊ नको. पर ती आली, माज्या अंगावर तिघं आले म्हणून आली. ती पडली. आठवा चालला व्हता, तुला ठावंच हाय. पडली अन कळा सुरू झाल्या. मी वरडले, "बाळंत व्हाया लागलीया, हटा मुडद्यांनो!" अन ती गडीमाणसं अशी मागं सरली, जणू मीच निखारा टाकला. तुज्या आईनं अन राणीनं तिला आत वढली, मी दाराला लिंबाचा डहाळा टांगला, उंबऱ्यावर गोमूत्र शिपडलं, शेगडीत ववा टाकला. झालं! आता कोण येतंय आत? सुवेराच्या घरात पाऊल टाकलं तर सटवाई कपाळावरचं पुसून टाकती, हे नाथाजीला त्याच्या आईनं दुधासंगं पाजलंय.

ते अंगणातच बसलं. मग आतनं रडणं आयकू आलं. समद्यांनी आयकलं.

नाथाजी उंबऱ्यापास्नं लांब उभा ऱ्हाऊन म्हणला, "काय झालं आज्जे?"

मी म्हणलं, "पोरगी."

मग तो म्हणला, "सुवेर फिटू दे. बाराव्याला येतो. तवा मायलेकींस्नी गाडीत बसवायचं. तवर वाटंवर माणसं बसतील, पळायचं मनात आणू नका."

"ये की," मी म्हणलं. "घुगऱ्या खायाला ये."

मग काय, मी पणजीच झाले म्हण! जीवाला जप. अंडी खा.

तुजी आज्जी हरणाबाई


रविवार, पाचवी

सोने,

राणीनं दगा दिला. मी सांगितलं व्हतं, फोटू काढ, वर काय बोलू नको. पर तू इचारलंस मोती कुठं गेला, अन ती रडली. आता मीच लिवते. तिच्या तोंडनं आयकण्यापरीस माज्या हातनं.

मोतीला जयराजनं लोखंडी गजानं मारलं. एका घावात मेला न्हाई. म्हणून मी गोफण घेतली. दात पडल्यावर मला आनंद झाला तो खरा, त्यात काय खोटं न्हाई. आजून बी व्हतोय. राती कूस बदलताना हात दुखला की मी ते दात आठवते अन झोप लागती.

माजा हात मोडलाय. दुसरा फटका त्याच गजाचा. मिरजंला जाऊ म्हणती तुजी आई, मी न्हाई म्हणलं. म्हातारी घरातनं हलली की डहाळ्याला राखणदार कोण? हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या बांधल्यात, बरं हाय.

रोशनारा पडली न्हाई. माज्या अंगावरनं त्या गड्यास्नी वढताना नाथाजीनं तिला लाथ घातली. पोटात. मी बगितलं. त्याच पायातली चप्पल त्यानं माज्या दारात पाया पडाया लांब काढली व्हती, अन गोठ्याकडं जाताना परत घातली व्हती.

पोरगी मेलेली आली सोने.

मी लय बाळंतपणं केल्यात. कोकणाच्या वाटंवर पावसात केल्यात, तुज्या बापाचं बी तसंच, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, एका करवंदीच्या जाळीत. मला हात लावताच कळलं. उलटी धरली, पाठीवर थापट्या दिल्या, तोंडात फुकलं. निळी निळी व्हती. केस मातुर लय, काळं कुरळं.

मग रडलं कोण? सांगते. ती माडग्याळी, तुज्या फोटूतली, सकाळीच व्याली व्हती. वाघूर फाडली तवा भेदरून पळाली, पिकपच्या चाकाखाली गेली. तिचं ओलं कोकरू राणीनं वटीत घालून आत आणलं व्हतं. चुलीजवळ ठिवलेलं, भुकेनं ते वरडाया लागलं. अन भाईर समदी गप झाली. मला काय उमजंना, गप का झाली. मग नाथाजी इचारतो, काय झालं आज्जे?

माज्या मांडीवर निपचित पोर, अन मला हसू आलं. देवानं मला काय करायचं ते करावं, पर आलं. अगं, ह्याचा आजा अंधारात नुसतं वरडणं आयकून सांगायचा, हे कोकरू कुणाच्या मेंढीचं अन कितव्या वेताचं. अन ह्ये नातू! फटफटीवर बसून बसून ह्यांस्नी कोकरू अन लेकरू वळखंना! मेंढीच्या फऱ्यावरची खूण वळखली, कारण ती फोनात दिसली. वरडणं फोनात नसतंय.

म्हणून मी म्हणलं, पोरगी.

तिला त्या राती बांधावरच्या लिंबाखाली ठिवली. रोशनारा चालत आली तितवर, कुणाचं आयकंना. तिच्या रीतीनं तिनं धुतली, तोंडातल्या तोंडात म्हणली काय तरी. मी डाव्या हातानं खड्डा खणीत व्हते, राणीनं कुदळ घेतली. नाव शिउली ठिवलंय. म्हंजे आपला पारिजातक. तिकडं ह्याच दिसांत पहाटं पडतो म्हणली.

आज पाचवी. मी सटवाई पुजली. पाटा मांडला, वर कोरा कागद अन लेखणी ठिवली. सटवाई काय लिवणार ते लिवू दे. आपण बी लिवतोयच की.

तू मला एकदा सांगितलं व्हतंस, तुज्या तितं बोटीतनं आलेल्या माणसाला सायेब बसवतो अन इचारतो, का आलास, कोण मारत व्हतं, कवा मारलं, अन तारीख चुकली की म्हणतो तू खोटा. मला तवा नवल वाटलं. आमच्या वाड्यावर कुणी आलं की तुजा आजा दोनच इचारायचा: जेवलास का, अन मागं कोण लागलंय का. मागं कोण लागलंय असं कळलं की घोंगडं आतल्या अंगाला टाकायचा. रोशनाराला मी दुसरं काय इचारलं न्हाई. तिनंच सांगितलं, त्यांचं गाव नदीनं गिळलं, घर, शाळा, मशीद समदं. मग दुसऱ्या काठावर गेले, तो बी गिळला. मी म्हणलं, बाय, आमी पाणी न्हाई म्हणून हिंडतो अन तुमी पाणी लय म्हणून. दोगी हसलो. तवा तिचा मालक व्हता.

आता मुद्द्याचं. तुजा बाप पाडव्याला सांच्याला आला. समदं बगितलं. बोलला न्हाई. दोन वरसांमागं फोनवर तुला म्हणला व्हता ना, "दुसऱ्यांच्या बोटी मोजत बसलीस, तुजी बोट कवा लागायची?" अन तू फोन आपटलास. त्यापास्नं तो तसाबी बोलत न्हाईच. चार दिस गप. आज सकाळी मोतीच्या जागंवर बसून तंबाकू चोळता चोळता म्हणला, "आये, मेंढरं उद्याच हलवतो. रोशनारा येईल संगं."

मी म्हणलं, "कुणाच्या रुपात?"

म्हणला, "माज्या बायकूच्या."

अन तुजी आई, जन्मात जी मोठ्यानं बोलली न्हाई, ती आतनं म्हणली, "मग मी पडते हितं बाळंतीण व्हऊन. तेवडाच कंबरंला आराम."

मी इतकी हसले की हाड सरकलं.

तुज्याकडं एकच मागणं. तुजी ती वकीलबाई, पुण्याची, तिला सांग शनिवारी रहिमतपुराच्या भाईर थांब म्हणून. अन तवर बातमी लावू नको. तुज्या लोकांस्नी उशीर झाल्यागत वाटंल, दुसरा कुणी आदी लावील, लावू दे. एक अक्षर नको. मेंढी तर नकोच नको.

आज्जी


गुरवार

सोने,

कशी हायस? हितं घर लय भरल्यासारखं वाटतंय, म्हंजे माणसं कमीच हायत. तुजी आई आतल्या खोलीत कान बांधून पडलीया, डोक्यावर फडकं, खाली शेक. डिंकाचं लाडू खाती. म्हणती, "आत्याबाई, माज्या खऱ्या बाळंतपणात तुमी मला तिसऱ्या दिशी भाकऱ्या थापाया बसवलं व्हतं." खरंच हाय ते.

कोकरू बाटलीनं दूध पितंय. भूक लागली की वरडतं अन वाटंवरची पोरं माना डोलवत्यात. एकजण तर म्हणला, "आज्जे, पोरीचा आवाज लय खणखणीत हाय." मी म्हणलं, भजनात घालणार हाय.

सोमवारचं सांगते. झुंजुमुंजू व्हतं. रोशनाराला माजं हिरवं लुगडं नेसवलं, चोळी तुज्या आईची. कुकू लावू का म्हणून मी इचारलं. तिनं कुकवाची डबी हळूच झाकली. मग न्हाई लावलं. पदरच नाकापतुर खाली वढला. घोडीवर आदी घोंगडी, मग भांडी, मग ती. आमच्यात बाळंतीण घोडीवर बसूनच जाती, मी बी गेले. निगताना तिनं माजा मोडका हात दोनी हातात धरला, दुखलं, पर सोडवला न्हाई.

वढ्याच्या वळणावर दोगं बसलेले. मी हितनं बगत व्हते. त्यातलं एक पोरगं उटलं, नाथाजीचा चुलतभाऊ, म्हणला, "काय तानाजीआण्णा, औंदा लवकर? वैनी बी चालल्या व्हय?" रोशनारा काय बोलणार? वैनीची मान खाली. पोराला संशय आला. फुडं झाला, अन पदराला हात घातला.

तुज्या बापाच्या हातात काठी असती, ती बाभळीची, खाली लोखंड ठोकलेली. तिचा आवाज मला हितं दारात आयकू आला. पोराचं मनगाट असं खाली लोंबाया लागलं. तो वरडतोय अन तुजा बाप त्याच्यावर उभा, "माज्या बायकूच्या पदराला हात? भर रस्त्यात? बोलीव गाव! बोलीव, मी हितंच बसतो!" आता गावात कोण कुणाच्या तोंडानं बोलणार? त्या पोराच्या बापानं येऊन त्यालाच वर दोन मुस्काटात दिल्या. आता त्याचा हात गळ्यात अन माजा बी गळ्यात. काल तो दारावरनं गेला, मी उंबऱ्यावरनंच हात वर करून रामराम केला.

तुज्या बापाला मी लहानपणी लय मारलंय, कुणावर हात टाकलास म्हणून. सोमवारी मला वाटलं, जावं अन मुका घ्यावा.

पर खरं संकट काल आलं. अन ते बाईच्या रुपात आलं. नाथाजीनं त्याची बायकू धाडली, शिवांजली. बाळंतविडा घेऊन, सुक्या खोबऱ्याची वाटी, तूप, टोपडं. गडी येत न्हाईत आत, पर बाईला कोण अडवणार? नाथाजी सोता फटफटीवर लिंबाखाली उभा. त्याच लिंबाखाली. म्हणलं, तितनं हल म्हणावं तर इचारंल का.

मी शिवांजलीला म्हणलं, "पोरगी आत्ताच निजलीया बाय."

ती म्हणली, "बगते नुसती. ह्यांनी बगून याया सांगितलंय."

गेली आत. दार मी लोटून घेतलं. गोफण कमरंला व्हती, खरं सांगते, वरवंटा बी हाताशी घेतला. बाईवर हात टाकायची येळ आली तर टाकणार व्हते, एका हातानं का हुईना. तुजी आई कान बांधून बसलेली, मांडीवर फडक्यात कोकरू, त्याचं ते पोपटाच्या चोचीवानी नाक भाईर.

शिवांजली बगत ऱ्हायली. तुज्या आईकडं, कोकराकडं, परत तुज्या आईकडं. मग हळू म्हणली, "रोशनारादी कुठंय?"

तुज्या आईनं फडकं कोकरावर वढलं.

"बाळ?"

मी मान हलवली. राणी भिंतीकडं त्वांड करून रडाया लागली.

"कुणी?" शिवांजली म्हणली.

तिच्या नवऱ्याची चप्पल भाईर लिंबाखाली व्हती. मी नुसतं तिकडं बगितलं. तिला कळलं.

तुला ठावं न्हाई, ही शिवांजली गलाईवाल्याची पोरगी. तिचा बाप तिकडं बंगालात सोनं गाळाया बसलाय, तिचा जन्म बी तिकडचाच. हिरीवर ती अन रोशनारा तासन्तास त्यांच्या बोलीत बोलायच्या, अन मी म्हणायची, बायांनो, आमाला बी सांगा काय हसण्यासारखं हाय. आपल्या हितली निम्मी घरं अशीच, देशभर भट्ट्या लावून बसल्यात, परमुलखात परकी बोली बोलत. उद्या तिकडं कुणी शीळ घातली तर?

ती खाली बसली. कोकराला मांडीवर घेतलं, टोपडं त्याच्या डोक्यावर चढवलं, कान आत सारलं. नाडी बांधली. अन त्या टोपड्यावर डोकं ठिवून अशी रडली सोने, की आवाज न्हाई, नुसती पाठ हलतीया. मग उटली, पदरानं त्वांड पुसलं, भाईर गेली.

नाथाजी म्हणला, "हाय का?"

"हाय."

"कशी हाय?"

"बापावर गेलीया," शिवांजली म्हणली. "लय वरडती."

अन फटफटीवर न बसता चालत घरला गेली.

आज्जी


शनवार

सोने, माजी बाय,

पोचली! दुपारी राणीचा फोन वाजला, तुजा बाप. रहिमतपुराच्या भाईर एका उसाच्या फडाकडंला मेंढरं बसवली व्हती, तुजी वकीलबाई तितंच आली. रोशनारानं गाडीत बसताना माजं लुगडं घडी करून माघारी दिलं म्हणं, तुज्या बापानं घेतलं न्हाई. तिची अर्जी सोमवारी मोठ्या कोर्टात पडणार, सफिकुलला माघारी आणायची बी तिच्यातच हाय. सफिकुल जिता हाय. त्याला अजून पोरीचं सांगितलं न्हाई. ती सांगंल.

अन आणखी एक. तुजा बाप फोन ठिवताना म्हणला, "सोनीला म्हणावं, बोट लागली." एवडंच म्हणला अन ठिवला. त्या गड्याला ह्याच्यापरीस जास्त बोलता येत न्हाई. तू फोन कर त्याला, सांच्याला कर, तवा मेंढरं बसलेली असत्यात.

आता तू बातमी लाव. उद्या सकाळीच लाव. लाथ कुणाची ते नावानं लिव, मी बगितलंय, माजं नाव खाली घाल. हरणाबाई आकाराम, राहणार आटपाडीच्या वरल्या अंगाची वस्ती. त्वांड झाकू नको माजं. अन मेंढी घाल ह्या बारीला, तांबडा पट्टा, ठिपका, समदं नीट दिसू दे. त्या सीताफळतोंड्यानं त्याच्या चॅनलवर काय लावलंय ठावं हाय का? मी नाथाजीला चकली देतीया, त्यानंच खिशातल्या फोनात गुपचूप भरलेला एवडाच तुकडा, अन खाली लिवलंय, आज्जीनं केलं गावकऱ्यांचं स्वागत. राणीनं दावलं. मी हसतीया बी त्यात. चकलीचं कवतिक करताना हसले व्हते गं मी.

राणी म्हणती, आज्जे, आज संध्याकाळच्या गाडीनं आपण तिगी मामाच्या गावाला जाऊ, तितनं पोलिसात जाऊ. तुजी आई बी तेच म्हणती. त्या दोगींस्नी मी ह्या कागदाचा फोटू काढून झाला की मागल्या बांधानं धाडतीया. मी न्हाई जाणार. मी त्याला या म्हणलंय. सणाला आलेल्याला न्हाई म्हणता येत न्हाई अन बारशाला बोलवलेल्याला दार बंद ठिवता येत न्हाई.

तयारी लय झ्याक झालीया. पाळणा माळ्यावरनं काढला, ज्यात तुजा बाप निजला, तू निजलीस, राणी निजली. हरभरं भिजत घातल्यात, पहाटं घुगऱ्या शिजवते. पारिजातक आपल्यात न्हाई, पर नानासोच्या बंगल्यात हाय, त्याच्या मोलकरणीला सांगितलंय, पहाटं पडलेली फुलं वेचून आण. कोकरू पाळण्यात निजवून बगितलं, निजतंय गुमान. शिवांजलीचं टोपडं हायच डोक्यावर.

मी ठरवलंय कसं करायचं. नाथाजी आला की पयलं ताटलीत घुगऱ्या. मग म्हणणार, "ये नाथा, सुवेर फिटलं, डहाळा काढला, आता आत ये." त्याला पाळण्याजवळ न्हेणार. आत्यानं नाव कानात सांगायचं असतंय, हितं आत्या कोण न्हाई, म्हणून मीच सांगणार, पर पोरीच्या कानात न्हाई, त्याच्या. शिउली. मग टोपडं सोडायला लावणार त्याच्याच हातानं. मग सांगणार, खरी कुठं हाय. बुधवारी तू फटफटी लावून जितं उभा व्हतास, तितं.

फुडं तो काय करंल ते करंल. दाराआड गोटं रचून ठिवल्यात, वढ्यातलं, गुळगुळीत, एकासारखं एक. सकाळपास्नं डाव्या हातानं गोफण फिरवतीया. पयल्यांदा कोंबड्या पळाल्या, आता लिंबाच्या बुडक्याला बराबर लागतोय. आंब्यावरच्या कावळ्यास्नी बी कळलंय, आज कुणी फिरकलं न्हाई.

मला लय बरं वाटतंय सोने. किती दिसांनी घरात पाळणा हाय.

येतो म्हणलेत. उद्या, रविवारी, उन्हं चढायच्या आत.